खोट्या आकाशातला जोडीदार

माझं काम स्थळं जुळवण्याचं आहे, असं माझी बायको पाहुण्यांना सांगायची. "दोन्हीकडची मंडळी आकाशात. पसंती कोणाला विचारायची नाही. याचं आपलं सुरूच, हा हिचा आणि ती त्याची." पाहुणे हसायचे. मीही हसायचो, कारण इतक्या थोडक्यात मला स्वतःला ते कधी सांगता आलं नाही.

तरी सांगून बघतो. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात अशा शेकडो जागा आहेत जिथून गॅमा किरण येतात. डोळ्याला दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण येतात. कमी ऊर्जेचे किरण पृथ्वीभोवती फिरणारी एक दुर्बीण टिपते. त्यांच्या हजारो पट ऊर्जेचे किरण दूर एका डोंगरावर पाण्याच्या टाक्या मांडून पकडतात. म्हणजे याद्या दोन. प्रत्येक यादीत प्रत्येक स्रोताची जागा लिहिलेली आणि त्या जागेभोवती एक वर्तुळ, की बाबा रे, नेमका कुठे ते सांगता येत नाही, पण या वर्तुळाबाहेर नाही. पहिल्या यादीतला अमुक आणि दुसऱ्या यादीतला तमुक ही एकच वस्तू आहे का, ते ठरवणं हे माझं काम. बावीस वर्षं मी हेच करतोय.

वर्तुळावर वर्तुळ बसलं की झाली जोडी, इतकं सोपं असतं तर मला कोणी ठेवलंच नसतं. त्या पट्ट्यात देवाने गर्दी फार करून ठेवली आहे. गर्दीत कोणीही कोणाच्या शेजारी उभं असतं. एका छत्रीखाली दिसले म्हणून दोघं नवराबायको होत नाहीत. तर अशा अपघाताच्या जोड्या किती, ते कळावं म्हणून आम्ही खोटं आकाश करतो. पहिली यादी जागची हलवायची नाही. दुसरी अख्खी यादी उचलायची आणि पट्ट्याच्या बाजूबाजूने थोडी सरकवायची. आता त्यातला कोणीच आपल्या खऱ्या जागी नाही. तरीही काही वर्तुळं एकमेकांवर बसतातच. ती सगळी अपघाताची. या वर्षी खऱ्या आकाशात अडुसष्ट जोड्या जुळल्या होत्या, आणि खोट्या आकाशांत सरासरी सात. म्हणजे त्या अडुसष्टांतल्याही सातेक जोड्या अपघाताच्याच. फक्त कुठल्या सात, ते कळायला मार्ग नाही.

भाषणांत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की त्याचा कधी विचार केला नाही.

हल्ली जुळवणी प्रोग्राम करतो. शेवटची तपासणी मात्र मी हाताने करतो. माझ्या टेबलाला वरून काच आहे आणि काचेखाली दिवे. पहिली यादी साध्या कागदावर छापून काचेवर चिकटवायची, दुसरी पारदर्शक कागदावर छापून तिच्यावर ठेवायची, आणि एकेका वर्तुळावर बोट ठेवत जायचं.

"काका, तुम्ही म्हणजे कॅल्क्युलेटरचं उत्तर बोटांवर मोजून बघणारे," शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामर बाई म्हणायच्या. जुळवणीचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला.

"आणि चूक सापडते."

"एकदा सापडली. नऊ वर्षांपूर्वी. तेव्हापासून ऐकवताय."

पहिल्या यादीत एकशे सत्तावन्न नंबरचा एक स्रोत आहे. चांगला ठसठशीत. वर्तुळ मसुराच्या दाण्याएवढं, म्हणजे जागेबद्दल शंकाच नाही. पण त्याला जोडीदार नाही. डोंगरावरच्या यादीत नाही, रेडिओच्या यादीत नाही, क्ष-किरणांच्या यादीत नाही. बाईंनी त्याचं नाव विधुर ठेवलं होतं. "काय म्हणतोय आपला विधुर?" असं रोज सकाळी विचारायच्या. मग माझी बायको गेली. पंधरा दिवसांनी मी कामावर परतलो तेव्हा बाई त्याला "एकशे सत्तावन्न" म्हणू लागल्या होत्या, आकडा अगदी पूर्ण उच्चारून. त्या सांभाळून बोलण्याने मला जितकं एकटं वाटलं, तितकं घरी रिकाम्या पलंगानेही वाटलं नव्हतं.

याला आता चौदा महिने झाले.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक लांब लाकडी बाक आहे. डावं टोक माझं, उजवं तिचं, मध्ये वर्तमानपत्र आणि तिची विणकामाची पिशवी. सुट्टीच्या दिवशी ती गाऊन सांगितलेली प्रवचनं लावायची. गोष्ट रंगात आली की सांगणारा थांबून एखादं पद धरायचा. त्याची पहिली ओळ मी म्हणायची आणि दुसरी तिने उचलायची, असं आमचं ठरलेलं. मी सुरात कधीच नव्हतो. "अरे, म्हण रे मोठ्याने," ती म्हणायची, "देव ऐकतोय, परीक्षक नाही." तिचा आवाजही काही फार गोड नव्हता, पण ती ओळ अशी उचलायची, की पहिली ओळ मी उगाच नाही म्हटली असं वाटावं.

ती गेल्यावर मी प्रवचनं लावली नाहीत. बाकावर मात्र बसत होतो. माझ्याच टोकाला.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन.

"जेवलात?"

"आत्ता? सात वाजता?"

"म्हणजे दुपारी."

"हो."

"काय?"

मी विचार करायला लागलो की ती समजायची. "बाबा, फ्रिजमध्ये काय आहे ते सांगा. खरं सांगा. दिवा सोडून काय आहे?"

विनोद तिचा, पण हसताना तिचा आवाज ओला व्हायचा. तिने तिच्या घरात माझ्यासाठी खोली केली होती. खिडकीशी टेबल ठेवलं होतं. नात चार वर्षांची, ती रोज त्या खोलीत जाऊन आजोबा आले का बघायची. "आई गेली तेव्हा मला नीट रडताही आलं नाही," मुलगी एकदा म्हणाली, "कारण तुम्ही गप्प होतात. मला दोघेही एकदमच गेल्यासारखं वाटतं, बाबा. एकाला तरी परत येता येतं ना?"

मी म्हणालो, या वर्षीची यादी बंद झाली की सांगतो. महिनाअखेरीस.

चूक झाली ती त्याच महिन्यात, एका मंगळवारी. जेवणाच्या सुट्टीनंतर मी काचेवर वाकलो आणि बोट ठेवत ठेवत एकशे सत्तावन्नवर आलो. त्याच्यावर वर्तुळ होतं. डबीवर झाकण बसावं तसं.

"बाई!" मी ओरडलोच. "विधुराचं जमलं!"

त्या धावत आल्या. वाकून बघितलं. मग त्यांची नजर कागदाच्या कडेला गेली.

"काका, कागद सरकलेला आहे. दोन बोटं. तुम्ही खोट्या आकाशात बसलाय."

सकाळी मी खोट्या आकाशासाठी कागद सरकवला होता आणि परत शून्याच्या खुणेवर आणायला विसरलो होतो. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. दोघंही हसलो. मी कागद खुणेवर आणला. एकशे सत्तावन्न पुन्हा एकटा.

मग का कोणास ठाऊक, मी कागद आणखी थोडा सरकवला. दुसरीकडे, चार बोटं. त्याच्यावर वर्तुळ बसलं. दुसरंच. कागद एक बोट मागे घेतला. पुन्हा बसलं, तिसरंच. सरकवताना मध्ये तो मोकळा पडायचा, ते स्पष्ट दिसायचं. पण हात थांबला, की जिथे थांबेल तिथे कोणीतरी त्याच्यावर आलेलं असायचं.

"तुम्ही व्हा बाजूला," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून कागद सरकवला आणि डोळे उघडले. वर्तुळ होतंच. त्या सरळ आपल्या टेबलाशी गेल्या.

प्रोग्रामने शंभर खोटी आकाशं केली. एखाद्या स्रोताला त्यातल्या तीन-चार आकाशांत जोडीदार मिळावा. एकशे सत्तावन्नला शंभरच्या शंभर आकाशांत मिळाला होता. बाईंनी दुसऱ्या मशीनवर चालवून बघितलं. यादी किती सरकवायची ते आकडे नव्याने काढले. परदेशातल्या एका मैत्रिणीकडून तिचा प्रोग्राम मागवून त्यावर बघितलं. शंभरच्या शंभर.

"आणि खऱ्यात?" मी विचारलं.

"खऱ्यात कोणी नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "मला हे आवडत नाहीये, काका."

साहेबांनी दोन ओळींत निकाल दिला. हा स्रोत गणितातून वगळा, खाली टीप द्या, यादी वेळेवर बंद करा.

त्या रविवारी खिडकीचा पडदा धुवायला काढला होता आणि ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं. म्हणून मी बाकावर मध्ये सरकलो. हातभर.

आमच्या बाकाची एक खोड आहे. उजव्या टोकाला कोणी बसलं की मधली फळी हलकेच करकरते आणि ते मध्ये बसलेल्याच्या मांडीला जाणवतं.

फळी करकरली.

मी लगेच मान वळवली नाही. रस्त्यावर कोणी सायकलला हवा भरत होतं, तो आवाज येत होता. उजव्या बाजूचा दंड किंचित ऊबदार झाला, शेजारी माणूस असलं की होतो तसा. मग मी बघितलं. कोणी नव्हतं. तिच्या जागेवरची उशी मात्र मधोमध दबलेली होती.

मी डावीकडे माझ्या टोकाला सरकलो. काही नाही. उशी फुगून वर आली. पुन्हा मध्ये सरकलो आणि आकडे मोजत बसलो. अठरापर्यंत आलो तेव्हा फळी करकरली.

मी हे वहीत लिहून काढलं. उन्हाने लाकूड फुगतं, हे मला माहीत आहे, म्हणून पडदा लावून पुन्हा बघितलं. उशीशेजारी पट्टी उभी करून ती किती दबते ते मोजलं. दीड बोट. सकाळी, दुपारी, ढगाळ हवेत, सारखंच. मी शास्त्रातला माणूस, आणि देवाला मानणारा. भीती वाटायला दोन्हीकडून काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटलीच नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात माझ्या शेजारी कोणीतरी होतं. आपल्या खऱ्या जागी बसून मी तिची वाट बघत होतो आणि ती हातभर पलीकडे होती, एवढंच माझ्या मनात आलं. मी बाकावर बसून रडलो. मोठ्याने. शेजारचं वजन तसंच राहिलं, उठून गेलं नाही.

त्यानंतर ऑफिसातून घरी आलो की सरळ तिथेच. वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, दिवसभराचं सांगायचं. सातला फोन वाजायचा, तो दोनदा मी घेतला नाही. एकदा शेजारून ओल्या लोकरीचा वास आला. तिने लोकर कधी धुतली नसेल असं थोडंच आहे. एकदा फार जड कोणीतरी बसल्यासारखी फळी दबली. एकदा अगदी हलकं. आजारात ती किती बारीक झाली होती, मला आठवलं. काही ना काही आठवतंच. ज्याला जुळवायचं असतं तो जुळवतो, आणि माझा तर तो धंदाच.

एका दुपारी मी धीर करून पदाची पहिली ओळ म्हटली. बेसूर, पण मोठ्याने. आणि थांबलो.

दुसरी ओळ कोणी उचलली नाही. शेजारी श्वास थांबल्यासारखा झाला, जणू हे काय चाललंय ते त्या माणसाला कळेना.

तिकडे गाता येत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

यादी बंद व्हायला दोन दिवस उरले होते. ऑफिसातही मी एव्हाना माझ्या टेबलावर बसत नव्हतो. पलीकडे एक रिकामं टेबल होतं, खिडकीकडचं, तिथे बरं वाटायचं. बाई दोन कप चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी काचेच्या टेबलावर ठेवला, माझ्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"काय काका, आज रंगात दिसताय," त्या खुर्चीला म्हणाल्या. थोडं थांबल्या, मान हलवली, हसल्या. "बरं झालं बाई. कधी?" पुन्हा थांबल्या. "मग आम्हाला विसरू नका म्हणजे झालं."

"बाई, मी इकडे आहे," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्या दचकून वळल्या आणि त्यांच्या हातातला चहा हिंदकळला.

"तुम्ही तिकडे कधी गेलात?"

"सकाळपासून इथेच आहे."

"काहीतरीच. आत्ता तुम्ही..." त्यांनी खुर्चीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"मी काय म्हणालो?"

"जाऊ दे हो."

"सांगा तर."

"शनिवारी मुलगी न्यायला येतेय म्हणालात." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "जायचं ठरवलंय म्हणालात. नातीला भेटायची फार ओढ लागलीय."

मी हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मुलगी शनिवारी येणार हे खरं होतं. फोन घेत नाही म्हटल्यावर तिने निरोपच ठेवला होता, की मी सकाळी दहाला गाडी घेऊन येतेय, बॅग भरून ठेवा, कारण सांगू नका. पण मी काही ठरवलेलं नव्हतं.

बाईंनी माझा कप उचलून माझ्यापुढे आणून ठेवला. ठेवताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला आणि त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

"काका, तुम्ही जाच. खरंच जा." मग काही आठवल्यासारखं म्हणाल्या, "त्या एकशे सत्तावन्नची शंभर नावं तुम्ही नीट बघितलीत? एकही नाव दोनदा नाही. दर वेळी कोणीतरी वेगळाच येऊन बसतो. त्याचा असा त्यातला एकही नाही."

मी चहा प्यायलो. यादीवर सही केली. बाईंनी काय सांगितलं ते मला कळलं नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि घरी जाऊन रिकाम्या टोकाला बसणं वेगळं.

शनिवारी सकाळी बॅग भरली. दोन शर्ट, औषधं, तिचा एक फोटो. गॅस बंद केला, झाडाला पाणी घातलं. साडेनऊ झाले होते. मुलगी येईपर्यंत निरोप घ्यावा म्हणून बाकावर बसलो. मध्ये.

फळी करकरली.

"मी जातोय," मी म्हणालो. "मुलगी एकटी पडलीय. तुला पटेल ना?"

माझ्या उजव्या हातावर एक हात आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बोटं थंड होती. ती माझ्या बोटांत अडकली आणि घट्ट झाली.

दारात किल्ली फिरली. मुलीकडे तिची किल्ली आहे.

"बाबा? तयार आहात ना?" ती आत आली, जोडे काढले, आणि बाकाच्या डाव्या टोकाकडे बघून तिचा चेहरा फुलला. "अरे वा! दाढीसुद्धा केलीत!"

मी दाढी केली नव्हती.

"बाळा," मी म्हणालो. "मी इथे."

ती डाव्या टोकापुढे गुडघ्यांवर बसली. "मला वाटलं तुम्ही भांडाल. मी येताना गाडीत सगळं पाठ करून आले, तुम्ही काय म्हणाल, मी काय म्हणेन." ती थांबून ऐकू लागली. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने रिकाम्या हवेत डोकं टेकलं. डोकं तिथेच टेकून राहिलं. तिचे केस मागे सारले गेले, कोणी हात फिरवावा तसे.

मी पुन्हा हाक मारली. जोरात.

मला तेव्हा अगदी स्वच्छ कळलं. हातभर सरकायचं होतं. डावीकडे. एवढंच.

त्यासाठी उजवा हात सोडवून घ्यावा लागला असता.

मी हात ओढून बघितला. पलीकडची बोटं थरथरली. अशी थरथर मी दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात धरून बसलो होतो, आणि पाणी प्यायला म्हणून पाच मिनिटं सोडली होती, आणि त्या पाच मिनिटांत ती गेली होती.

मी हात सोडवला नाही.

मुलगी उठली. तिने बॅग घेतली, दुसरा हात कोपरात वाकवून कोणाच्या तरी दंडाला दिला. "सावकाश," ती म्हणाली. "गुडघा दुखतोय ना?" दारापाशी तिने माझे जोडे पुढे सरकवून दिले आणि थांबली, कोणी ते घालेपर्यंत.

जोडे गेले.

दार लागलं. किल्ली फिरली. जिन्यावरून तिचा आवाज खाली खाली जात राहिला, एकेका पायरीला थांबत. कोणीतरी काहीतरी विनोद केला असावा. ती खळखळून हसली. आई गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

खाली गाडी सुरू झाली आणि कोपऱ्यावरून वळली.

मग खोली शांत झाली. मी बसून होतो. वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आतून एक प्रकारचं समाधानही होतं. आता आम्ही दोघं.

"गेली," मी म्हणालो.

शेजारी कोणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी घेतात तसा. आणि पहिल्यांदाच आवाज आला. बाईचा आवाज, थकलेला, फार दिवसांनी बोलत असल्यासारखा.

"अहो," ती म्हणाली, "दाराशी कोण आलं होतं?"

माझ्या बायकोने मला आयुष्यात कधी अहो म्हटलं नाही.

तिची बोटं माझ्या तळहातावरून फिरायला लागली, हळूहळू, अंधारात ओळखीची वस्तू चाचपावी तशी. ती माझ्या अंगठ्यापाशी आली. तिथे ती एक जागा शोधत राहिली, एखादा जुना व्रण असावा तशी जागा, पुन्हा पुन्हा, वर आणि खाली.

माझ्या अंगठ्याला व्रण नाही.

बोटं थांबली. तरी तिने हात सोडला नाही.